मेंढरांची गोळी

वाटूर फाटा,
९ फेब्रुवारी २०२५

शिवाक्काला करणचा नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीच्या फराळासंगं आल्तं. चकल्या त्याच दिवशी संपल्या, पत्र अजून बॅगेत आहे. उत्तर लिहायचं लांबवलं, हे कबूल. कामाचं निमित्त सांगितलं असतं, पण थंडीत बोअरला गिऱ्हाईक कमीच असतं, हे तुलाबी माहीत आहे. कागद घेतला की दुसरंच काहीतरी आठवतं आन् मी उठून जातो.

फोन का लागत न्हाई ते आधी सांगतो. फोन बोअरमध्ये पडला. वाकलो, खिशातून सटकला आन् गेला थेट खाली. आमचा ड्रायव्हर गणपत म्हणला, "आता घरून फोन आला तर पाताळात वाजंल." नवा घेतला न्हाई. तसं बरंच वाटून राह्यलंय.

मी अजून अप्परावच्याच बोअरच्या गाडीवर आहे. मागल्या आठवड्यात अण्णासाहेब म्हणून एका शेतकऱ्याकडं गेल्तो. त्यानं पाणी बघायला माणूस आणलेला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला. बांधाजवळ नारळ उभा राह्यला. सगळ्यांनी हात जोडले. आम्ही तिथं मशीन लावलं तर नुसता फुफाटा. मंग अण्णासाहेब चिडून म्हणला, "माझं कुत्रं उन्हाळाभर जिथं बसतं तिथं घ्या." तिथं घेतलं तर पाणी! नारळवाला म्हणला, "कुत्र्यानं माझंच ऐकलं असंल."

कुत्र्यावरून आपला मोत्या आठवला. मोत्यावरून आबा.

आबांच्या किडन्यांचं वाचलं होतं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईला तुला भेटायचंय, लवकर ये, असं तू लिहिलंस. येणं काही जमंल असं दिसत न्हाई, अक्का. माझीच तब्येत धड नसते. मुतखडा निघालाय. रक्तबी कमी आहे म्हणतात. इकडचं पाणी खारट, ते पिऊन पिऊन माझ्या किडन्या काही कामाच्या राह्यल्या नसतील.

आबांची कंबर कशी आहे? मी त्यांच्यासंगं रानात मेंढरं घेऊन फिरायचो तेव्हापासूनच धरायची. लंगड्या मेंढरांसाठी गुरांच्या दवाखान्यातून आणायचो त्या जाड पांढऱ्या गोळ्या ध्यानात आहेत का? मेंढराला एक आन् आबांना अर्धी. लोकर कातरायच्या कातरीनं तोडायचे, गुळासंगं गिळायचे आन् म्हणायचे, "मेंढरू उठून चालतं, मंग म्या का न्हाई?" आन् बराबर चालायचे! मी निघालो त्या सालात तर अर्धीची एक झाली होती, रोज. मी म्हणायचो, "आबा, आता तुम्हाला लोकर यायची." दवाखान्याच्या औषधानं उतार नसंल तर त्यातली एखादी देऊन बघ. उठून बसतील.

मायला सांग, चकल्या गणपतला फार आवडल्या.

तुझा,
करण


टेंभुर्णी,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. करण यास,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. पायाखाली मशीन चालू, हातात पत्र. नारळवाल्याचं वाचून हसत होते. गोळीपाशी आले आणि पाय थांबला.

आबा अंगणात बाजेवर होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही मेंढरांची गोळी खाता?"

"कंबर धरली तर."

"अजून?"

"मंग? कंबर अजून हाय की."

"डॉक्टरीणबाईनं किती वेळा विचारलं, दुखणं थांबायची गोळी घेता का. तुम्ही दरवेळी नाही म्हणालात."

"तिनं माणसाच्या गोळीचं इचारलं. म्या आयुष्यात मेडिकलची पायरी चढलो न्हाई. ही मेंढराची हाय."

करण, ते खोटं बोलत नव्हते रे. त्यांच्या हिशोबात ते औषधच नव्हतं. उशाच्या घोंगडीखालून पिशवी काढून त्यांनीच माझ्या हातात दिली. त्या दिवशी सकाळीसुद्धा घेतली होती. बिभीषणदादा आपली मेंढरं राखतो ना, त्याच्याकडून मागवायचे. त्याला सांगायचे, एक मेंढी लंगडते.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जालन्याला गेले. डॉक्टरीणबाईनं गोळीवरचं नाव वाचलं, पेन खाली ठेवला आणि म्हणाली, "मी दिवाळीपासून हेच शोधत होते."

तुला नीट सांगते, कारण मागच्या पत्रात नीट सांगितलं नव्हतं. आबांचा आजार मुळात किडनीचा नाही, रक्ताचा आहे. रोगाशी झुंजायला रक्तात जे तयार होतं त्याला अँटीबॉडी म्हणतात. बाई म्हणाली, हे शरीराचे राखणदार समजा. त्यांना बनवणाऱ्या पेशींतली एक जात आबांच्या हाडांच्या मगजात बिघडली आहे. ती थांबतच नाही. एकाच साच्यातले, अर्धेमुर्धे, काही कामाचे नाहीत असे राखणदार काढत सुटली आहे. ते तुकडे रक्तातून वाहत किडनीत येतात आणि तिच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. नळ्या तुंबतात. कंबर दुखायची तीसुद्धा म्हाताऱ्या वयामुळे नाही, आतून हाड पोखरत होतं म्हणून. लघवीला दुधावर येतो तसा फेस यायचा, तो त्याच तुकड्यांचा. आबा म्हणायचे, शेळीचं दूध जास्त झालं.

संभाजीनगरला मगज तपासला तेव्हा हे कळलं. त्या पेशींना आवर घालायचं इंजेक्शन दर आठवड्याला पोटावर चालू झालं. पण किडन्या सुधारण्याऐवजी खालीच चालल्या होत्या. बाईला कळेना की रक्तावर इलाज चालू असताना मागून ढकलतंय कोण. आता कळलं. आधीच तुंबलेल्या किडनीवर ही दुखण्याची गोळी म्हणजे घाव होता, आणि तो रोज बसत होता.

दिवाळीतच बाईनं विचारलं होतं, रानात यांच्यासोबत कोण असायचं? मुलगा, म्हटलं. म्हणाली, त्याला बोलवा, हे काय खातात-पितात ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. म्हणून तुला ये म्हणून लिहिलं. का ते लिहिलं नाही. पार्सल न्यायला माणूस दारात उभा होता आणि माय डबा बांधायची घाई करत होती. चार शब्द जास्तीचे लिहिले असते तर. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मागच्या आठवड्यापासून बुधवारी आणि शनिवारी रक्त मशीनवर धुवून घ्यावं लागतं. बाई म्हणते, गोळी बंद झाली, इंजेक्शनानं रक्त आटोक्यात आलं, तर किडनी थोडीफार परत येईलही. सगळी येणार नाही. दिवाळीत कळलं असतं तर कदाचित मशीनची पाळी आली नसती. कदाचित म्हणाली ती. मी घरी तो शब्द तसाच सांगितला.

तुझ्या मुतखड्याची काळजी वाटते. एकाच पत्रात मुतखडा, रक्त कमी, पाणी खारट. सोनोग्राफी कुठं केलीस? सोबत हुलगे पाठवले आहेत. रात्री भिजत घाल, सकाळी कढण करून पी. आणि ये.

तुझी,
शिवाक्का


वाटूर फाटा,
७ मार्च २०२५

शिवाक्का,

हुलगे मिळाले. कढण गणपतनं प्यालं. मुतखडा त्याचा आहे. माझा न्हाई. सोनोग्राफीबी त्याचीच, ती मी वाचून दाखवली होती, तेव्हा मुतखडा हा शब्द पाठ झाला.

तुझं पत्र वाचल्यापासून गोळीचंच डोळ्यापुढं येऊन राह्यलंय. कितीदा तर कातरीनं मीच तोडून दिलीय. आबा म्हणायचे, तुझा हात सरळ आहे, बराबर अर्धी पडते. मला कसं कळणार होतं? हे मी स्वतःला सांगतो. मंग दुसरं मन म्हणतं, कळणार नव्हतं, पण बोलायला काय झालं होतं? तू बोलावलंस तेव्हा आलो असतो तर बाईसमोर बसून मी हेच बडबडलो असतो. मला तर कुणी विचारायचीबी गरज लागत न्हाई. अण्णासाहेबाच्या कुत्र्यापासून सुरू करून मी गोळीपर्यंत पोचलोच असतो.

मंग का आलो न्हाई, ते लिहितो. तीन कागद फाडले.

तुझ्या पत्रात पहिली ओळ होती, आबांच्या दोन्ही किडन्या खराब झाल्या. दुसरी ओळ, डॉक्टरीणबाईला करणला भेटायचंय. मी तिसरी ओळ माझ्या मनानं वाचली. इथं फाट्यावर एक हॉटेलवाला आहे, त्याच्या भावानं त्याला किडनी दिली. तो भावाचा शर्ट वर करून टाक्यांची खूण सगळ्यांना दाखवतो, पार कुशीपासून पोटापर्यंत. भजे खाताना मी ती बघितली. म्हणला, "घरच्याचीच जुळते. पोराची तर पक्कीच." त्या दिवशी तुझं पत्र बॅगेत तळाला घातलं. चार दिवसांनी फोन बोअरमध्ये गेला. सटकला हे खरं आहे, अक्का. पण सटकताना मी हात पुढं केला न्हाई, हेबी खरं आहे.

आता ठरवलंय. माझी घ्या. आबांना सांग, डावी चालंल की उजवी ते बाईला विचारून ठेवा. मला सुईचंबी भ्या वाटतं हे तुला माहीत आहे, लहानपणी मेंढरांना लस द्यायचे तरी मी बाभळीमागं जायचो. तरी घ्या. रक्तगटाचा कागद सोबत आहे, मंठ्याला एका शिबिरात काढला होता, तिथं केळं फुकट होतं म्हणून गेल्तो. कधी यायचं ते कळव, म्हणजे अप्परावला सांगता येईल.

मायला यातलं काही सांगू नको.

करण


टेंभुर्णी,
१५ मार्च २०२५

करण,

होळी परवा झाली. पुरण घातलं, पण आबांना डाळ मोजून, गूळ मोजून. त्यांनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, "कोकराला चारताव तसं चारा मला."

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. मोठ्यानं. माय चुलीपासून म्हणाली, "काय झालं गं?" मंग मला रडू आलं आणि तिला दोन्हीतलं काहीच सांगता येईना.

तुझी किडनी कुणी मागितली रे? आबांनी नाही, मायनं नाही, बाईनं तर नाहीच. उलट मीच तिला विचारलं होतं, जानेवारीत, की माझी देता येईल का. ती म्हणाली, आत्ता नवी बसवून उपयोग नाही. रक्तात ते तुकडे बनत असतील तोवर नवीही तशीच तुंबायची. आधी रक्त शांत व्हायला पाहिजे, पुढचं पुढं. मला नीट कळलं नव्हतं. आबांनाच कळलं. त्यांनी बाईला विचारलं, "म्हंजे लोकरीवानी?" कातरायच्या आधी आपण ओढ्याला मेंढरं धुवायचो, आठवतं? लोकरीचे पुंजके वाहत जाऊन रस्त्याखालच्या नळीत बसले आणि पाणी पुंजाराम काकाच्या हरभऱ्यात शिरलं. काकानं सगळ्या गावासमोर आबांकडून नवी नळी टाकून मागितली. आबा बाईला म्हणाले, "तवाच म्या पुंजारामला म्हणलं हुतं, नवी नळी टाकून काय करतू? लोकर यायची थांबव, न्हाई तर तीबी तुंबंल." बाई म्हणाली, "आजोबा, विद्यार्थ्यांना मी आता असंच शिकवीन." तेव्हापासून आबा दवाखान्यात जरा ताठ चालतात.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण कागद बघून ते म्हणाले, "करणचं हाय का? वाच." मी मुतखड्याचं गाळून पुढं गेले तर हॉटेलवाल्यापाशी अडकले. थांबले तर म्हणाले, "वाच की." सगळं वाचलं. बाजेचा सुटलेला काथ्या त्यांनी ओढून घट्ट केला. मंग म्हणाले,

"म्या जन्मभर मेंढरांवर कातर चालवली. पोराला वाटलं, त्याच्यावरबी चालवतील?"

मी म्हटलं, "आबा, त्यानं आता हो म्हटलंय. स्वतःहून."

"भिऊन न्हाई म्हणलं, भिऊनच हो म्हणलं. त्यात म्या कुठं हाय?"

मला तुझा राग आला होता, करण. दिवाळीपासून संक्रांत, संक्रांतीपासून पुढं, रोज सकाळी ते घोंगडीखाली हात घालत होते आणि तू भज्यांच्या हॉटेलात बसून आपल्या कुशीला हात लावून बघत होतास. हे मी लिहिणार नव्हते. पण तू तीन कागद फाडलेस, मीही फाडले, आणि फाडून ते जात नाही.

बाई म्हणाली, इंजेक्शनचा गुण येतोय. रक्तातले तुकडे कमी झाले. किडनीचं अजून सांगत नाही.

तुझ्याकडून एवढंच पाहिजे. मशीनच्या खुर्चीजवळ एक स्टूल असतं. सगळ्यांच्या स्टुलावर कुणीतरी असतं. आबांचं रिकामं असतं, कारण माझ्या लहानग्या छकुलीला आत घेऊ देत नाहीत आणि मी तिला घेऊन बाहेर बसते. चार तास ते छताकडं बघतात. तू येऊन तिथं बस. बडबड कर. नारळवाल्याचं सांग. तुझ्या पोटातलं काही नको.

परवा आबा विचारत होते, वाटूरला गाडी कुठून बदलायची. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "उगी."

शिवाक्का


कुंभार पिंपळगाव,
२७ मार्च २०२५

शिवाक्का,

बाजाराचा गाव आहे, म्हणून कागद जल्दी मिळाला, न्हाई तर हे पत्रबी लांबलंच असतं. तुझं पत्र येऊन आठ-दहा दिवस झाले. आबांचं ते वाक्य वाचलं आन् पत्र घडी घालून खिशात ठेवलं. या बारीनं बॅगेत न्हाई घातलं. खिशातच आहे, घामानं अक्षर फुटलंय.

खरं सांगतो, मी येणार न्हाई. अप्पराव गाडी बिदरकडं पाठवून राह्यलाय. तिकडं उन्हाळाभर काम आहे. कोण कोण जाणार विचारलं तर मी हात वर केला. आज इथला बोअर झाला की सांच्याला निघायचं. म्हणून घाईत लिहितो.

तू म्हणशील स्टुलावर बसायला काय लागतं. तेच लागत न्हाई माझ्याकडं. किडनी द्यायची असती तर बरं झालं असतं, अक्का. चिरलं असतं, टाके पडले असते, मी शर्ट वर करून दाखवली असती, आन् कुणी मला काही विचारलं नसतं. आता द्यायला काहीच न्हाई. नुसतं समोर बसायचं. ते छताकडं बघणार, मी त्यांच्या हाताकडं. त्या हातात मी गोळी ठेवायचो. त्यांनी काही म्हणलं तर मी काय बोलू? आन् काहीच न्हाई म्हणलं तर?

मी रानातनं निघालो त्या दिवशीबी ते रागाचं काही म्हणले न्हाईत. मी म्हणलो होतो, आबा, मेंढरामागं माझं मन लागत न्हाई. ते म्हणले, "चप्पल नवी घे, वाट लांब हाय." कंबर धरून उभे होते. तेव्हाच ती आतून पोखरलेली होती, न्हाई का? मला वाटलं, उन्हाला आडवा हात धरून माझ्याकडं बघायला वाकलेत.

आबांना सांग, करण बिदरला गेला, बरा आहे. शनिवारी तू छकुलीला शिवकामवाल्या नंदाबाईकडं ठेवून स्टुलावर बस. मी नवा फोन घेतो, खरंच घेतो, आन् मशीन चालू असंल तेव्हा लावतो. त्यांच्या कानाला धर. मी बोलतो. नारळवाल्याचं सांगतो, त्याच्यापुढं अजून एक मजा झाली आहे, त्या अण्णासाहेबानं आता कुत्र्यालाच

थांब. पिकअप आली. डिझेल आन् बोअरात उतरवायचे केसिंगचे पाइप घेऊन दुपारी येणार होती. गणपत हात करून बोलावून राह्यलाय. पाइप उतरून येतो, मंग पुरं करतो.

अक्का.

पाइपांवर घोंगडी टाकून कुणीतरी बसलं होतं. मला वाटलं, अप्परावनं नवा हमाल धाडला. हमाल एवढ्या हळू उतरत न्हाई. आधी काठी खाली सोडली, मंग एक पाय, मंग कंबरेला हात. पिकअपवाला म्हणला, "सकाळपासून वाटूरला अप्परावच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. बोअरवरच जायचं म्हणले, ऐकंनात."

आबा आहेत. एकलेच आलेत. तुला सांगून आले न्हाईत, म्हणून तू तिकडं गावभर शोधत असशील. मी गणपतच्या फोनवरून तुला लावला, तू उचलत न्हाईस, म्हणून हे लिहून पिकअपवाल्याजवळ देतो, तो उद्या टेंभुर्णीवरून जाफराबादला चालला. काल बुधवारचं मशीन झालंय असं ते म्हणले. शनिवारच्या आत मी त्यांना घेऊन येतो. जालन्यालाच थेट. स्टूल कुणाला देऊ नको.

वाळलेत गं. कपाळाचं हाड दिसून राह्यलंय. मी पायाला हात लावला तर माझा खांदा धरूनच खाली बसले, बोअरच्या तोंडाशी, फुफाट्यात. किडनीचं काही न्हाई, गोळीचं न्हाई. मुठीत तो पांढरा फुफाटा घेतला, बोटांत चोळला, मशीन एवढं वाजून राह्यलं होतं की दोनदा विचारावं लागलं त्यांना:

"पाणी लागलं का?"